दव असेपर्यंत

सहमच्या किनाऱ्यापासून दोन कोस आत
आठ एकर लसूणघास.
इथे त्याला गत् म्हणतात, म्हशींऐवजी उंट खातात,
पण कापल्यावर वास राहुरीचाच येतो.

अर्बाब खसीब मला मुहंदिस म्हणतो.
मी आयटीआयचा फिटर. दोनदा सांगून पाहिलं,
मग सोडून दिलं.

काल पेंडीच्या रिकाम्या गोणीवर
खडूने हिशेब मांडून दाखवला त्याला:
वर्षाला नऊ कापण्या, कापणीला चारशे गठ्ठे,
शंबे बलोच गठ्ठ्यामागे दीडशे बैसा भाडं घेतो.
झाले पाचशे चाळीस रियाल.
बरक्याला एक जुना बेलर विकायला आहे,
लाल रंग उडालेला, एकतीसशे सांगतात.
डिझेल आणि सुटे भाग वर्षाला एकशे वीस धर.
म्हणजे सात वर्षं, वर चार-पाच महिने,
तेव्हा कुठे ते लोखंड
फुकटात राबायला लागेल.
भाड्यानेच परवडतं, मी म्हणालो,
आणि खडू झटकला.

"आणि पानं?"

पानं मी मोजली नव्हती.
शंबे नऊपैकी तीनदा तरी दहा वाजता उगवतो,
ऊन डोक्यावर घेऊन.
तोवर घास पापडासारखा चुरायला लागलेला,
पानं मातीत, काड्या गठ्ठ्यात.
बाजारातली माणसं आधी गठ्ठा उचलत नाहीत,
बोटं खुपसून बघतात.
काड्या टोचल्या की दोनशे बैसा कमी.
बाराशे गठ्ठे, गुणिले दोनशे.
मी गोणी उलटी केली, पुन्हा लिहिलं.
पावणेपाच वर्षं.

खसीब उठला, विहिरीकडे गेला.
पंपाच्या तोंडाशी ओंजळ धरली,
एक घोट जिभेवर फिरवून थुंकला,
आमटीचं मीठ बघावं तसा.
समुद्र इथे जमिनीखालून चालत येतो.
आधी त्याची लिंबं गेली, मग आंबे.
"चार वर्षं," तो म्हणाला.
"अल्लाच्या मनात असेल तर पाच."

मला तो बेलर दिसला:
ग्रीस ताजं, साखळी ताणलेली,
एका हाकेसरशी सुरू होणारा,
आणि समोर बांधायला काही नाही.

माझ्या व्हिसाची दोन वर्षं
मी कुठल्याच रकान्यात धरली नव्हती.
त्यानेही विचारलं नाही.

रात्री त्याने शंबेला फोन लावला.
भावाबद्दल चकार शब्द नाही.
आळशी नाहीये शंबे, खाबूऱ्याला झोपतो,
पहाटे ट्रॅक्टर रस्त्याला काढतो
आणि टँकरांच्या मागे रांगत येतो, एवढंच.
"आदल्या संध्याकाळीच ये," खसीब म्हणाला.
"यंत्र बांधावर लाव. जेव. झोप."

आज शंबे आला. मी मासळीबाजारातून
किनाद आणला होता, म्हणजे आपली सुरमई.
तिघं चटईवर बसून जेवलो.
काट्यांचा ढीग शंबेच्या पुढ्यात सर्वांत मोठा.
गादी शेडमध्ये घातली तर म्हणाला, नको,
बेलरजवळच पडतो, चांदणं आहे.

पहाटे साडेचारला तो ओळीतून चालत होता,
मुठीत घास पिळत, सोडत, पिळत.
अजून ओला. थांब.
अजून थांब.
खाडीकडून जराशी झुळूक आली.
"आता," म्हणाला.

तिसऱ्या गठ्ठ्याला गाठ सुटली.
मी चाकूने हुकाला अडकलेला सुतळीचा तुकडा काढला,
बोटाला ग्रीस, ग्रीसला हिरवी पानं चिकटलेली,
अख्खी, देठासकट.
त्यानंतर गाठ सुटली नाही.

ऊन यायच्या आत तीनशे सत्त्याण्णव गठ्ठे.
मी वही काढली. भाडं लिहिलं. मग अडलो.
सुरमईचे साडेतीन रियाल,
अर्बाब, कुठे लिहू? भाड्यात?

खसीब गठ्ठ्यात बोटं खुपसून उभा होता, कोपरापर्यंत.
"भाड्यात नको," म्हणाला.
"खरेदीत लिही."